सतरा ध्येये आणि एक तापमापी

समजा, विज्ञानाच्या तासाला तुमच्या हाती एक तापमापी दिली. नळी आहे, फुगा आहे, आत तांबडा द्रवही आहे; पण नळीवर एकही खूण नाही. "आज किती उष्मा आहे ते सांगा," असे गुरुजींनी विचारले तर तुम्ही काय उत्तर द्याल? "द्रव बराच वर चढला आहे," एवढेच सांगता येईल. पण बराच म्हणजे किती? ती नळी वितळत्या बर्फात बुडवून एक खूण करावी लागेल, उकळत्या पाण्याच्या वाफेत धरून दुसरी करावी लागेल, आणि मग दोन खुणांमधल्या अंतराचे शंभर सारखे भाग पाडावे लागतील. तोपर्यंत ती नळी म्हणजे काचेचे खेळणेच!

देशाच्या कारभारातही अशी बिनखुणांची नळी हाती येते. २५ सप्टेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत १९३ देशांनी एक ठराव एकमताने मान्य केला. २०३० सालापर्यंत जगाने गाठावयाची १७ ध्येये त्यात मांडली आहेत. दारिद्र्य नाहीसे करावे, भूक संपवावी, सर्वांना आरोग्य, शिक्षण, स्वच्छ पाणी आणि परवडणारी ऊर्जा मिळावी, हवामान, समुद्र आणि वने यांचे रक्षण व्हावे, अशी ती ध्येये. यांनाच आपण 'शाश्वत विकासाची ध्येये' म्हणतो. आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या तोंडचा घास काढून घेऊ नये, हा 'शाश्वत' या शब्दाचा अर्थ. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने तो जगापुढे ठेवला. १७ ध्येयांच्या पोटात १६९ उद्दिष्टे आहेत.

ठराव झाला, पुढे काय? न्यूयॉर्कमध्ये हात वर केल्याने नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावर दिवा लागत नाही. मधे जी साखळी असते तिचाच विचार आपण या लेखात करू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. हा ठराव म्हणजे कायदा नव्हे. तो पाळला नाही म्हणून कोणत्याही देशाला दंड होत नाही. आपण काय केले याचा अहवाल देशाने स्वखुशीने संयुक्त राष्ट्रसंघापुढे ठेवावयाचा, एवढेच बंधन. भारताने असा अहवाल २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये ठेवला.

जगाचा विचार देशात आणण्याचा एक जुना मार्ग आपल्याला ठाऊक होता. १९७२ साली स्टॉकहोम येथे पर्यावरणावर जागतिक परिषद भरली. इंदिरा गांधी तेथे स्वतः गेल्या होत्या. आपल्या राज्यघटनेच्या २५३ व्या कलमाप्रमाणे आंतरराष्ट्रीय परिषदेतील निर्णय अमलात आणण्यासाठी संसदेला कायदा करता येतो. १९८१ चा हवा प्रदूषणाचा कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा उघडून पाहा. दोहोंच्या प्रास्ताविकात स्टॉकहोम परिषदेचा उल्लेख आढळेल. म्हणजे तेथे वाट सरळ होती: परिषद, मग कायदा, मग नियम, मग तपासनीस.

शाश्वत विकासाच्या ध्येयांना ही वाट पुरत नाही. 'भूक संपावी' असा कायदा करून भूक संपत नाही. शिवाय आपल्याकडे सार्वजनिक आरोग्य, शेती, पाणी हे विषय मुख्यतः राज्यांच्या हाती आहेत, आणि शिक्षण १९७६ पासून केंद्र व राज्ये या दोघांच्याही. तेव्हा दिल्लीने आज्ञा करावी आणि सर्वांनी ती पाळावी असे येथे चालत नाही. मग दिल्लीने काय केले? तिने मोजपट्टी हाती घेतली. कोणते ध्येय कोणत्या मंत्रालयाकडे आणि कोणत्या योजनेकडे जाते याचा तक्ता नीती आयोगाने तयार केला. सांख्यिकी मंत्रालयाने २०१८ मध्ये ३०६ राष्ट्रीय निर्देशकांची यादी प्रसिद्ध केली. निर्देशक म्हणजे मोजता येईल अशी एक ठरावीक राशी. 'आरोग्य चांगले असावे' हे ध्येय. 'दर एक लाख जिवंत जन्मांमागे किती माता बाळंतपणाच्या कारणाने दगावतात' हा निर्देशक. पहिल्यावर भाषण करता येते, दुसऱ्यावर उत्तर द्यावे लागते.

या मातामृत्यूच्या निर्देशकाकडेच जरा थांबून पाहू.

जागतिक उद्दिष्ट असे आहे: २०३० पर्यंत जगाचे मातामृत्यूचे प्रमाण लाखामागे ७० च्या खाली यावे. वाक्य नीट वाचा. 'जगाचे' म्हटले आहे, 'प्रत्येक देशाचे' नव्हे. वर्गाची सरासरी ७० टक्के यावी असे मुख्याध्यापकांनी म्हटले, तर तुमच्या एकट्याच्या वाट्याला किती गुण आले? त्यावरून काहीच कळत नाही! पहिल्या बाकावरच्या मुलाने ९५ मिळवून शेवटच्या बाकाची भरपाई केली तरी सरासरी साधते. म्हणून प्रत्येक देशाला आपला आकडा आपणच ठरवावा लागतो. भारताने ७० हाच आकडा आपल्यासाठी घेतला, आणि वाटेत एक मैलाचा दगडही रोवला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात '२०२० पर्यंत १००' असे लिहिले आहे. प्रत्यक्षात २०१४-१६ मध्ये हे प्रमाण १३० होते, ते २०१८-२० मध्ये ९७ आणि २०१९-२१ मध्ये ९३ झाले.

आता तुमच्यापैकी चौकस वाचक विचारील की '२०१८-२०' असे तीन वर्षांचे जोडनाव कशाला? वर्षाचा आकडा वर्षाला का देत नाहीत?

याचे उत्तर पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मिळते. किरणोत्सारी पदार्थाजवळ गायगर गणित्र ठेवले आणि एका मिनिटात १०० टिकटिक मोजल्या, तर पुढच्या मिनिटात नेमक्या १०० च येतील असे नाही. ९२ येतील किंवा १०७ येतील. अशा स्वैर घटना मोजताना चूक साधारणपणे मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. १०० चे वर्गमूळ १०, म्हणजे चूक शेकडा १०. ९ टिकटिक मोजल्या तर वर्गमूळ ३, म्हणजे चूक शेकडा ३३! थोडे मोजले तर चूक मोठी.

आपला देश एवढा मोठा की प्रत्येक मृत्यूचे कारण घरोघर जाऊन तपासणे शक्य होत नाही. म्हणून 'नमुना नोंदणी योजना' निवडक गावांत आणि शहरांतील वस्त्यांत वर्षानुवर्षे जन्ममृत्यूंची नोंद करते. समजा, एका राज्यात नमुन्यामध्ये १०,००० जन्म नोंदले गेले आणि त्यात ३ माता दगावल्या. वर्गमूळ सुमारे १.७, म्हणजे निम्म्याहून अधिक चूक. असा आकडा छापून काय उपयोग? तीन वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या की ही चूक कमी होते. आणि गोव्यासारख्या लहान राज्याचा आकडा या पत्रकात वेगळा का दिलेला नसतो, हेही आता तुमच्या ध्यानात येईल. गोव्यात माता दगावत नाहीत असा त्याचा अर्थ नव्हे. मोजणीला पुरेशी संख्या मिळत नाही, इतकेच.

आकडा मिळाला, आता तापमापीला खुणा करावयाच्या. नीती आयोगाने २०१८ पासून राज्यांसाठी एक निर्देशांक काढण्यास सुरुवात केली. त्यात प्रत्येक निर्देशकाला ० ते १०० गुण मिळतात. शंभराची खूण म्हणजे २०३० चे उद्दिष्ट. शून्याची खूण म्हणजे सर्वांत मागे असलेल्या राज्याचा आकडा. आपण २०१८-२० च्या आकड्यांवर हे गणित करून पाहू. आसाम १९५, मध्य प्रदेश १७३, महाराष्ट्र ३३, केरळ १९. उद्दिष्ट ७०.

आसाम सर्वांत मागे, त्याला ०. पूर्ण पट्टी १९५ वजा ७०, म्हणजे १२५ ची. भारताचे प्रमाण ९७. तेव्हा भारताने कापलेले अंतर १९५ वजा ९७, म्हणजे ९८. ९८ भागिले १२५ गुणिले १०० बरोबर ७८. मध्य प्रदेशाला याच रीतीने १८ च्या आसपास. आणि महाराष्ट्र? १९५ वजा ३३ म्हणजे १६२. त्याला १२५ ने भागले तर शंभराच्याही वर! पण पट्टी १०० लाच संपते. म्हणून ३३ च्या महाराष्ट्रालाही १०० आणि १९ च्या केरळलाही १००. लाखामागे १४ मातांचा फरक या तापमापीवर दिसतच नाही. उद्दिष्ट गाठले की पट्टी आंधळी होते.

आणखी एक गंमत पाहा. समजा, आसामने खूप प्रयत्न करून आपला आकडा १७३ वर आणला आणि बाकी कोणाचाच आकडा बदलला नाही. शून्याची खूण सर्वांत मागच्या राज्यावरच ठेवावयाची असेल तर ती आता १७३ वर येईल. पट्टी १०३ ची, भारताचे अंतर ७६, गुण ७४. म्हणजे एका राज्याने सुधारणा केली आणि देशाचे गुण ७८ वरून ७४ वर उतरले! बर्फाने आपला वितळणबिंदू दर वर्षी बदलला असता तर सेल्सिअसची काय अवस्था झाली असती याची कल्पना करा. (प्रत्यक्षात अशा वेळी देशाची सरासरीही थोडी सुधारेल, पण मुद्दा तुमच्या ध्यानात आला असेल.)

म्हणून या निर्देशांकाचे वरवरचे आकडे सावधपणे वाचावेत असे माझे मत आहे. देशाचे एकूण गुण पहिल्या आवृत्तीत ५७ होते, २०१९-२० मध्ये ६०, २०२०-२१ मध्ये ६६ आणि २०२३-२४ मध्ये ७१. सुधारणा झालीच नाही असे मी मुळीच म्हणत नाही; मातामृत्यूचे आकडे तुम्ही वर पाहिलेच. पण पहिल्या आवृत्तीत ६२ निर्देशक होते, दुसरीत १००, तिसरीत ११५ आणि चौथीत ११३. चार वेगवेगळ्या तापमापींनी घेतलेला ताप एकाच आलेखावर मांडताना कोणताही डॉक्टर थबकेल. शिवाय पहिल्या वर्षी १७ पैकी १३ च ध्येये मोजली होती. वगळलेल्यांत हवामान बदलाचे ध्येय होते, कारण सर्व राज्यांची तुलना करता येईल अशी माहिती तेव्हा हाती नव्हती. मोजता आले नाही ते गुणपत्रिकेतून गळाले. समुद्राचे ध्येय तर फक्त किनारा असलेल्या नऊ राज्यांपुरतेच मोजतात आणि ते एकूण गुणांत धरत नाहीत. हे मात्र योग्यच आहे. मध्य प्रदेशाला समुद्राच्या पेपरात नापास करण्यात काय अर्थ?

एकूण गुण काढताना सर्व ध्येयांची साधी सरासरी घेतात. तिचाही एक दोष आहे. एका राज्याला आरोग्यात ९० आणि पाण्यात १० गुण, दुसऱ्याला दोहोंत ५०. दोघांचीही सरासरी ५०! पण पाण्यावाचून राहिलेल्या माणसाला शेजारच्या दवाखान्याचे किती समाधान? मानव विकास निर्देशांक काढणाऱ्यांनी २०१० मध्ये साधी सरासरी सोडून भूमितीय सरासरी घेतली ती याचसाठी. ९० आणि १० यांचा गुणाकार ९००, त्याचे वर्गमूळ ३०. आता पहिले राज्य मागे पडले. हे उदाहरण शिक्षकांनी दहावीच्या वर्गात अवश्य द्यावे. वर्गमुळे कशाला शिकावयाची, या मुलांच्या नेहमीच्या प्रश्नाला बरे उत्तर मिळेल.

येथवर आपण आकड्यांचे गणित पाहिले. पण याहूनही अवघड प्रश्न आधीच येतो: मोजावयाचे नेमके काय?

विजेचे उदाहरण घ्या. १९९७ पूर्वी गावाच्या महसुली हद्दीत कोठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असली की ते गाव 'विद्युतीकरण झालेले' मानीत. म्हणजे शिवारात एका विहिरीवर पंप चालू झाला की कागदावर सारे गाव उजळले! २००४ मध्ये व्याख्या कडक झाली. वस्तीत रोहित्र आणि तारा हव्यात, शाळा, पंचायत, आरोग्य केंद्र अशा ठिकाणी वीज हवी, आणि निदान शेकडा १० घरांत तरी वीज हवी. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लेइसांग गावात वीज पोहोचली आणि देशातील सर्व गावांचे विद्युतीकरण झाले असे जाहीर झाले. ही लहान गोष्ट नव्हे. १ एप्रिल २०१५ रोजी १८,४५२ गावे शिल्लक होती. पण व्याख्या आठवा: शंभरापैकी दहा घरे! जागतिक निर्देशक मात्र गावे मोजत नाही, माणसे मोजतो. लोकसंख्येपैकी किती जणांना वीज मिळते, असे विचारतो. गाव मोजून थांबता येणार नव्हते. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'सौभाग्य' योजनेने घर हे एकक धरले. जागतिक ध्येय देशाच्या धोरणात उतरते ते असे, एकक बदलून. आणि तरीही दिवसातून किती तास वीज असते हे घरांच्या मोजणीतून कळत नाहीच.

स्वयंपाकाच्या इंधनाची कथा अशीच, पण जास्त बोचणारी. जागतिक निर्देशक विचारतो: किती लोक मुख्यतः स्वच्छ इंधनावर अवलंबून आहेत? भारताने १ मे २०१६ रोजी 'उज्ज्वला' योजना सुरू केली. गरीब घरातील स्त्रीच्या नावे गॅसजोडणी देणारी ही योजना झपाट्याने वाढली. सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटीवी जोडणी औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, देण्यात आली. २०२०-२१ च्या निर्देशांकात घरांच्या संख्येशी जोडण्यांचे प्रमाण पाहिले होते आणि ते शेकडा नव्वदाच्या वर भरले. परंतु जवळजवळ त्याच काळातील, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरे शेकडा ५८.६ निघाली. २०१५-१६ मध्ये ती ४३.८ होती, म्हणजे वाढ नक्कीच झाली. पण नव्वद कोठे आणि एकोणसाठ कोठे!

दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. एक शेगडी मोजतो, दुसरा धूर. टाकी संपल्यावर दुसरी आणावयाची तर रोख पैसे एकरकमी लागतात. सरपण मात्र रानातून 'फुकट' मिळते. ते वेचण्यात आईचे किंवा बहिणीचे किती तास जातात याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

तो 'फुकट'चा हिशेब आपणच मांडू. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. एक किलो गॅस जळला की सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणजे टाकीत साधारण ६५३ मेगाज्यूल. शेगडीची कार्यक्षमता शेकडा ६० धरली तर भांड्यापर्यंत पोहोचतात ३९२. लाकडाच्या एका किलोतून सुमारे १६ मेगाज्यूल निघतात. पण तीन दगडांच्या चुलीत त्यातला जेमतेम दहावा भाग भांड्याला लागतो, बाकीचा भिंतींना, हवेला आणि आईच्या डोळ्यांना! म्हणजे किलोला १.६ मेगाज्यूल. ३९२ भागिले १.६ बरोबर २४५. एका टाकीऐवजी अडीचशे किलो लाकूड वेचावयाचे, फोडावयाचे, डोक्यावरून आणावयाचे. जोडणी देऊन झाली म्हणून सरकारी रकान्यात खूण झाली तरी टाकी पुन्हा भरली गेली का, हा प्रश्न विचारणारा निर्देशक असल्याखेरीज हे ओझे मोजणीत येणार नाही.

ध्येय घेताना देश कधी कधी जगाच्याही पुढे धावतो. क्षयरोगाचे जागतिक उद्दिष्ट २०३० चे. भारताने आपल्यासाठी २०२५ ठरवले. नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ मध्ये लाखामागे २३७ होते, ते २०२३ मध्ये १९५ वर आले. घट होती सुमारे अठरा टक्के. हवी होती ऐंशी टक्के. तारीख अलीकडे ओढल्याने काम आपोआप वेगाने होत नाही, हे त्यावरून दिसते. तरी माझ्या मते त्या घाईचा एक फायदा झाला: रुग्ण शोधण्याची आणि नोंदण्याची यंत्रणा पुष्कळ सुधारली.

आता ही साखळी तुमच्या दारापर्यंत आणू. २०१८ मध्ये केंद्र सरकारने मागे राहिलेल्या ११२ जिल्ह्यांचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात महाराष्ट्रातील नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) हे चार जिल्हे होते. त्याखाली ग्रामपंचायत येते. पंचायत राज मंत्रालयाने १७ ध्येये ९ विषयांत बसवली आहेत: दारिद्र्यमुक्त गाव, निरोगी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव आणि असेच आणखी पाच. गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात यांपैकी विषय निवडून कामे घालावयाची असतात. तुमच्या पंचायतीचा आराखडा ग्रामसभेत ठेवला जातो. तो पाहण्यास मिळतो. शिक्षकांबरोबर जाऊन एकदा पाहा.

तेथे 'जलसमृद्ध गाव' या विषयाखाली नळजोडण्यांचा आकडा असेल. १५ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेत नळाची व्याख्या नुसत्या तोटीवर थांबत नाही. माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळाले पाहिजे असे ती म्हणते. हे तपासण्यास बादली आणि घड्याळ पुरे. १५ लिटरची बादली घ्या आणि ती भरण्यास किती वेळ लागतो ते पाहा. दीड मिनिट लागला तर मिनिटाला १० लिटर. पाणी ४५ मिनिटे येत असेल तर ४५० लिटर. घरात सहा माणसे असतील तर माणशी ७५, व्याख्येहून जास्तच. पण पाणी एक दिवसाआड येत असेल तर तेच ७५ दोन दिवसांना वाटावे लागतील, म्हणजे रोज माणशी ३७.५. नळाचा दाब सुरुवातीला आणि शेवटी सारखा नसतो, तेव्हा बादली निदान तीन वेळा, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी भरून सरासरी घ्या. उन्हाळ्यात हाच प्रयोग पुन्हा करा, वस्तीच्या वरच्या आणि खालच्या टोकाची दहा-दहा घरे निवडा, आणि मिळालेले आकडे आराखड्यातील आकड्याशेजारी लिहून पंचायतीच्या सूचना फलकावर लावण्याची परवानगी सरपंचांकडे मागा.